अखजीची घागर आणि बॅटरीचं पाणी

चैत्र सरत आला की लोकांना आंब्याचा वास येतो. मला ॲसिडचा येतो. आंबट, घशाला ओरखडणारा. मागोमाग दात शिवशिवतात, आणि मी ओळखते, अखजी आली.

परवा कुंभाराकडून घागर आणली. बोटाच्या गाठीने वाजवून घेतली, तळाला ओल येते का बघितलं आणि ओट्यावर ठेवली. अक्षय्य तृतीयेला आमच्या खानदेशात अखजी म्हणतात. त्या दिवशी गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरायची, काठोकाठ, आणि वर डांगर ठेवायचं, म्हणजे खरबूज. दारात आलेल्याला त्या दिवशी पाणी नाही म्हणायचं नाही, मग तो माणूस असो की गाय. घागर अर्धवट भरणारीला बाया नावं ठेवतात. हे मला कोणी शिकवलं नाही. आईचा हात बघून माझ्या हाताला लागलं. आणि याच हाताने मी एकदा तीन गाड्या मारल्या.

गोष्ट नव्वद सालानंतरची. जळगावात तेव्हा डिझेलच्या टमटम होत्या. स्टेशनासमोर दहा मिनिटं उभं राहिलं की पांढरा रुमाल राखाडी व्हायचा. चौकातला पोलीस दिवसभर नाकाला फडकं लावून उभा. अजिंठा चौफुलीकडे जाणाऱ्या बाया पदराने तोंड बांधायच्या, ते उन्हासाठी की धुरासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

अशात नगरपालिकेच्या जुन्या जकात नाक्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये तीन नव्या गाड्या आल्या. तीनचाकीच, पण बॅटरीवर चालणाऱ्या. धूर नाही, आवाज नाही. मागे समोरासमोर दोन बाकं, त्यांच्याखाली लोखंडी ट्रेमध्ये बॅटऱ्या. दुपारी रिकामा झालेला ट्रे ओढून काढायचा, भरलेला सरकवायचा. काठमांडूला अशा गाड्या रस्त्यावर होत्या आणि बायका चालवत होत्या. तिकडच्या बायकांनी इथे येऊन आमच्या मुलींना शिकवायचं. मग धुळ्याचे लोक आमचं बघणार. ढाक्याचे, कोलंबोचे लोकही येऊन बघून जाणार, आणि आपापल्या गावी तसं करणार. एकाने दुसऱ्याचं बघून शिकायचं, अशी ती योजना. उन्हाळाभर गाड्या चालल्या तर कायमच्या होणार होत्या.

मी तिथे झाडलोट करायची, पिण्याचं पाणी भरायची आणि वहीत आकडे लिहायची. चौथी झालेली, त्यामुळे आकडे नीट यायचे. आणि माझी लता त्या पाच मुलींतली एक होती, गाडी चालवणारी.

लता तेव्हा चोवीसची. नवऱ्याने टाकलेली. खरं म्हणजे तिनेच त्याला टाकलं होतं, पण गावात तसं कोणी म्हणत नाही. अखजीला मुली माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. माझी मुलगी आलेली नव्हती, परत आलेली होती. दोन वर्षं ती घरातून बाहेर पडायची ती दळणापुरती. त्या गाडीचं हँडल हातात आलं आणि पोरगी बदलली, असं लोक लिहितात. मी एवढंच सांगते की ती पोटभर जेवायला लागली.

स्टँडवरचे टमटमवाले टपूनच होते. त्यांच्यातला एक जाडा, सगळे त्याला पंढरीभाऊ म्हणायचे, पहिल्याच दिवशी मला ऐकू जाईल असं ओरडला, "बाया गाडी चालाडतीस, मंग आम्ही काय भाकरी भाजूत?"

मी म्हटलं, "भाज. शिकाडसू तुले."

सगळे हसले, तोही हसला. पण त्याचं हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. गाड्या चालल्या तर त्याचं पोट जाणार होतं. नाही चालल्या तर लता परत दळणावर. आम्हां दोघांनाही हे माहीत होतं.

शिकवायला आली ती सानुमाया. ठेंगणी, गोल तोंडाची, पायात कापडी बूट. हिंदी मोडकं बोलायची, आम्ही मराठी बोलायचो, आणि भांडण होण्याइतकं आम्हाला एकमेकींचं कळायचं. पंधरा दिवस ती पाचही मुलींच्या शेजारी बसून हिंडली. ब्रेक जोरात मारला की मांडीवर चापट. शिकवून झालं तेव्हा तिने भिंतीवर एक कागद चिकटवला. कोणत्या दिवशी काय करायचं ते त्यात होतं. त्यात एक ओळ होती, बॅटरीचं पाणी दर शनिवारी.

बॅटरीचं पाणी म्हणजे दुकानात डब्यांत मिळतं ते, क्षार काढलेलं. बॅटरीत आतल्या पट्ट्यांच्या वर ते बोटभर लागतं. उन्हाने, चार्जिंगने ते उडतं, आणि उडेल तेवढंच परत टाकायचं. जास्त नाही, आणि दुसरं नाही.

सानुमाया महिनाभराने पाहुण्यांना घेऊन येते म्हणून गेली. आम्ही तो कागद देवाच्या तसबिरीसारखा पाळला. शनिवार म्हणजे शनिवार. रशीद मिस्त्री, आमचा बॅटरीवाला, एकदा कागदाकडे बघत म्हणाला, "अक्का, अपने इधर की धूप में बुधवारीच पट्ट्या दिसायला लागतील."

"मग सांगायचं होतं ना बाईला."

"मेहमान है. एवढ्या लांबून आली. तिचं कसं खोडायचं?"

मलाही ते पटलं. पाहुण्याच्या ताटातलं मीठ कमी आहे असं आम्ही कधी म्हणत नाही. पाहुण्याने शिकवलेलं चुकीचं आहे असंही म्हटलं नाही. वैशाख लागायच्या आतच शेडचा पत्रा असा तापायचा की वर बसलेला कावळा पाय बदलायचा. पण कागदावर शनिवार होता.

अखजी आली ती मधल्या वारी. आमच्याकडे अखजीला पुरुष पत्ते खेळतात. एरवी पत्त्यांना हात न लावणारेसुद्धा. दोन दिवस, तीन दिवस, झाडाखाली, ओसरीवर, जागा मिळेल तिथे. शेडमधले दोघे मदतनीस सकाळीच पसार झाले. रशीद मिस्त्री पुतणीच्या लग्नाला भुसावळला गेलेला. बॅटरीच्या पाण्याचे डबे रिकामे. दुकानावर गेले तर फळी लावलेली. शेजारचा न्हावी म्हणाला, "अक्का, आज बठ्ठं बंद शे. परवा ये."

आणि स्टँडवर त्या दिवशी बाया मावत नव्हत्या. डोक्यावर टोपल्या, कडेवर पोरं, माहेरी निघालेल्या. टमटमवालेही निम्मे पत्त्यांना बसलेले. लता सकाळपासून फेऱ्या मारत होती. दुसऱ्यांच्या मुलींना त्यांच्या माहेरी सोडत होती. अकराला शेडमध्ये आली, उभ्यानेच तांब्याभर पाणी प्यायली आणि म्हणाली, "आई, गाडी जड चाललीय. पाणी बघ ना. मला दोनपर्यंत ट्रे तयार पाहिजे. आज एक फेरी चुकली तर पंढरीभाऊ वर्षभर बोलेल."

ती गेल्यावर मी तिन्ही गाड्यांच्या दुपारच्या ट्रेंमधल्या बॅटऱ्यांची बुचं उघडली. आतल्या पट्ट्या उघड्या पडलेल्या. तुम्ही उन्हाळ्यात आटलेली विहीर वरून बघितली असेल, तसं. एका बॅटरीतून सूं सूं आवाज येत होता. मला दुसरं काही दिसलं नाही. अखजीचा दिवस, आणि माझ्यासमोर छत्तीस कोरडी तोंडं.

शेडच्या दारात पाणपोईची घागर होती, मीच सकाळी भरलेली. बोअरचं पाणी, गार. मी तांब्या घेतला आणि एकेका तोंडात ओतलं. आणि नुसतं ओतलं नाही, काठोकाठ भरलं. अर्धं भरणं हाताला जमलंच नाही. शेवटच्या बॅटरीपाशी मी वाकून बघितलं, पाणी बुचाच्या कडेला लागून चमकत होतं. मला बरं वाटलं. खोटं का सांगू, पुण्य केल्यासारखं वाटलं.

दोन वाजता लताने ट्रे घेतला. गाडी चालली. मुली सोडल्या. संध्याकाळी पंढरीभाऊला म्हणे तिने स्टँडवर खरबुजाची फोड दिली, आणि त्याने ती खाल्ली.

माझ्याकडे आता जुनं काही फार नाही. एक फोटो आहे, त्याचं पुढे सांगते. आणि एक लुगडं आहे, त्याला पदराजवळ नाण्याएवढी भोकं. दुसऱ्या दिवशी चार्जिंग लावलं तेव्हा बॅटऱ्या उकळल्या आणि काठोकाठ भरलेलं सगळं बाहेर आलं. मी पुसायला गेले. ॲसिडने लुगडं जळलं, ट्रे खाल्ला, तारांची टोकं हिरवी झाली. आठ दिवसांत गाड्या निम्म्या अंतरावर दम टाकायला लागल्या. नवी पेठेतून वर चढताना लताची गाडी बंद पडली, आणि मागून टमटमच्या रांगेने भोंगे वाजवले. लोकांनी उतरून ढकलली. पंढरीभाऊ ढकलायलाही आला आणि बोलायलाही. "काय वं माय, बैल आणू का पुढे जुंपाले?"

लता घरी आली ती न जेवता भिंतीकडे तोंड करून झोपली.

रशीद मिस्त्रीने बुचं उघडली, काचेच्या पिचकारीने पाणी ओढून बघितलं, ट्रेला बोट लावलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "अक्का, ह्यात कोणी काय टाकलं?"

मी म्हटलं, "मला काय माहीत?"

इतकं सरळ मी आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते. त्याने बुचं परत लावली. मनात हिशेब चालू होता की हे आपोआप सुधारेल. तापातलं माणूस सुधारतं तसं. रोज सकाळी मी आधी शेडमध्ये जायची, बुचं उघडून बघायची आणि बंद करायची. वहीत आकडे उतरत होते. ते मीच लिहीत होते, माझ्याच अक्षरात, खाडाखोड न करता.

अखजीपासून असे अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी पाहुणे आले. सानुमाया, ढाक्याचा एक उंच माणूस, कोलंबोची एक चष्मेवाली बाई, धुळ्याचे चौघे-पाचजण. नगरपालिकेच्या हॉलमध्ये बैठक. पाचही मुली शेवटच्या रांगेत. लताच्या मुठीत गाडीची किल्ली, इतकी घट्ट की बोटं पांढरी. मी तबकात पेले घेऊन फिरत होते.

नगरपालिकेच्या साहेबांनी कागद वाचला. महिला चालकांच्या सदोष हाताळणीमुळे बॅटऱ्या निकामी झाल्या, असं काहीतरी. ब्रेक जोरात, माणसं जास्त, चढावर दामटणं. तेव्हा उरलेल्या दिवसांसाठी नव्या बॅटऱ्या आणि पुरुष चालक. धुळ्यानेही सुरुवात पुरुषांपासून करावी. साहेब वाईट माणूस नव्हता. त्याला जे दिसलं ते त्याने लिहिलं. बंद पडलेली गाडी दिसली आणि गाडीत बसलेली बाई दिसली.

लताने नुसती मूठ उघडली आणि किल्लीकडे बघितलं.

मी तबक टेबलावर ठेवलं. म्हटलं, "साहेब, पाणी मी टाकलं."

साहेब म्हणाले, "अक्का, पाणी राहू दे. चहा आणा आता."

"प्यायचं नाही, साहेब. बॅटरीत. घागरीतलं टाकलं. अखजीला. तिन्ही गाड्यांत."

रशीद मिस्त्रीने मान खाली घातली. त्याला ठाऊक होतं, बहुतेक बुचं उघडली त्या दिवसापासून. लताकडे मी बघितलं नाही. बघितलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं.

सानुमायाने वही उघडली. ती रागावली नाही आणि गोडही बोलली नाही. विचारत गेली. कोणत्या दिवशी? किती वाजता? पाणी कुठपर्यंत होतं? कशाने ओतलं? तांब्या केवढा? मी हाताने दाखवलं, तिने वहीत तांब्याचं चित्र काढलं. काठोकाठ का भरलं, हे तिने दोनदा विचारलं. मी अखजीचं सांगितलं. कोलंबोची बाई पुढे वाकून ऐकत होती.

मग सानुमायाने विचारलं, "मधल्या वारीच पाणी कमी कसं झालं? शनिवारी तर टाकलं होतं."

रशीद मिस्त्री म्हणाला, "बाई, इकडे तीन दिवसांत आटतं. आम्ही तुम्हाला बोललो नाही."

तिने पेन खाली ठेवलं. "कागद मी लिहिला," ती म्हणाली. "आमच्याकडे या दिवसांत सकाळी शाल लागते. मी तुमचं ऊन विचारलंच नाही."

साहेबांनी आपल्या कागदावरच्या दोन ओळी खोडल्या. सगळ्यांसमोर, निळ्या शाईने. मला म्हणाले, उद्यापासून शेडवर येऊ नका. बरोबर होतं त्यांचं.

बैठक सुटल्यावर मी व्हरांड्यात माठापाशी उभी होते. ढाक्याचा उंच माणूस आला, पाणी मागितलं. प्यायला आणि हिंदीत हळूच म्हणाला, "आमच्याकडेही असंच झालं होतं. हापशाचं पाणी. मी कळवलं की बॅटऱ्याच खराब आल्या."

मी म्हटलं, "मग आत का नाही बोललात?"

तो हसला. पेला परत दिला. त्याच्या बोटात अंगठी होती, बूट चकचकीत होते. मला तेव्हा कळलं की माझ्याकडे गमवायला एक झाडू होता म्हणून मी बोलू शकले. आणि तेही अकरा दिवसांनी. मला त्याला नावं ठेवायचा हक्क नव्हता, तरी मी ठेवली, मनात.

घरी जाताना लता माझ्या दहा पावलं पुढे चालत होती. दारात थांबली. म्हणाली, "रशीदभाई म्हणाले, पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर धुऊन, नवं ॲसिड भरून दोन गाड्या वाचल्या असत्या."

"हं."

"अकरा दिवस, आई. मला लोकांनी ढकलत नेलं."

पाणी ओतलं ती एका दुपारची चूक होती. त्या चुकीला कारण म्हणून माझ्याकडे अखजी होती, ऊन होतं, बंद दुकान होतं. अकरा दिवसांसाठी काहीच नव्हतं. अजून नाही. लोक म्हणतात, वय झालं की माणूस स्वतःला माफ करतो. ज्यांना जमतं त्यांनी करावं.

निघण्याआधी सानुमाया मला शेडमध्ये घेऊन गेली. नोकरी गेलेलीच होती, कोणी अडवलं नाही. तिने गेरूचा डबा पुढे केला आणि म्हणाली, "दिदी, तुम्ही लिहा. इथे येणाऱ्या पुढच्या बाईला कळेल असं." माझं अक्षर पोरासोरांचं, पण मोठं. शनिवारचा कागद फाडून मी त्या जागी लिहिलं:

घागरीतलं पाणी माणसाला. डब्यातलं पाणी गाडीला. ऊन बघून टाकायचं. चुकलं तर त्याच दिवशी सांगायचं.

धुळ्याच्या लोकांनी ते उतरवून घेतलं. त्यांच्यातला एक मुलगी बघायला आल्यासारखा अवघडून म्हणाला, "अक्का, आमच्याकडे येऊन सांगशाल का हे?" मी गेले. एस.टी.ने, देवपूरला. पंधरा-वीस माणसांपुढे उभी राहून सांगितलं की मी गाड्या कशा मारल्या. पहिल्यांदा जीभ अडखळली. मग दोन ठिकाणी अजून सांगितलं. चौथ्या वेळी एक तरुण साहेब हसला, तर मी म्हटलं, "हस. पण तुझी चूक काय ते सांग, मग पाणी पी." त्यालाही काहीतरी सांगावं लागलं.

जळगावच्या गाड्या पाऊस लागल्यावर ताडपत्रीखाली गेल्या आणि तिथेच गंजल्या. मी मोठं यश सांगायला बसलेले नाही. पण साहेबांनी खोडलेल्या त्या दोन ओळी खोडलेल्याच राहिल्या. पुढच्या उन्हाळ्यात धुळ्याने गाड्या काढल्या तेव्हा जळगावच्या दोन मुलींना बोलावलं. त्यांतली एक लता. ती गेली ती तिकडचीच झाली. त्या गाड्याही दोन वर्षांनी बंद पडल्या, धूर पुन्हा जिंकला. मग ती टमटम चालवायला लागली, डिझेलची, तोंडाला फडकं बांधून. पंढरीभाऊ भेटला तेव्हा म्हणाला, "पोरगी आम्हालेच येई मियनी शेवटी." मी म्हटलं, मिळाली तर मिळू दे, भाकरी भाजायला तू आहेसच.

फोटोचं राहिलं. दिवाळीनंतर काठमांडूहून पाकीट आलं. आत एका शेडची भिंत, तिच्यावर लाल अक्षरं. अक्षरं आपलीच, बोली त्यांची. मी अक्षर अक्षर लावून वाचलं. "गाग्रीको पानी मान्छेलाई." चार ओळी होत्या. शेवटच्या ओळीतला प्रत्येक शब्द मला कळला नाही, पण ती कुठली ओळ होती ते कळलं.

आता जळगावात बॅटरीच्या रिक्षा गल्लोगल्ली झाल्या. आवाज न करता मागून येतात आणि दचकवतात. यंदा अखजीला ओट्यावर घागर ठेवून बसले होते. पितरांची घागर मी अजून काठोकाठ भरते. बाकी सगळं दोन बोटं खाली. दुपारी एक रिक्षा थांबली, चालवणारी विशीतली, ओढणीने डोकं बांधलेलं, हातात रिकामी बाटली.

"आजी, पानी दे वं."

"कोणाले? तुले का गाडीले?"

ती हसली. "गाडी काय पानी पेस का, आजी?"

मी म्हटलं, "बठ. आधी पी. मंग सांगस."

तिने ऐकलं की नाही ठाऊक नाही, फोन वाजला म्हणून निघून गेली.

संध्याकाळी लताचा फोन आला, धुळ्याहून. तिचे केस पांढरे झाले, आता ती दुसऱ्यांच्या मुलींना गाडी शिकवते. दर अखजीला फोन करते आणि दर अखजीला तेच विचारते.

"घागर भरली?"

"भरली."

"पाणी कोणाला पाजलंस?"

"माणसांना."

"नक्की?"

"नक्की. आणि चुकले असते तर सकाळीच फोन केला असता."

ती म्हणाली, "बरं," आणि फोन ठेवला.